वीस तारखेच्या आत

क्रिस्टोफर बर्डवुड थॉमसन याचा जन्म नाशिकचा, १३ एप्रिल १८७५ चा. बाप इंग्रज फौजेत अधिकारी. मुलगाही फौजेत गेला, ब्रिगेडियर जनरल झाला, मग वर्दी उतरवून मजूर पक्षात शिरला आणि रॅम्से मॅकडोनल्डच्या मंत्रिमंडळात हवाई खात्याचा मंत्री झाला. सरदारकी मिळाली तेव्हा नावापुढे लावायला त्यानं गाव निवडलं ते कार्डिंग्टन. बेडफर्डशायरमधल्या या गावी सरकारचा एअरशिप बांधण्याचा कारखाना होता. १९३० साली लंडनमध्ये कुजबुज अशी, की हिंदुस्थानचा पुढचा व्हाइसरॉय हाच असेल. जन्मभूमीत परतायचं तर आगबोटीनं का परतायचं? थॉमसन आर-१०१ या एअरशिपमधून कराचीला येणार होता.

कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. सिंध वेगळा झाला तो १९३६ मध्ये. म्हणजे धुळं ज्या लाटसाहेबाच्या हुकमतीखाली, त्याच्याच मुलखात हे जहाज उतरायचं होतं. तिथे ड्रिग रोडला ८५० फूट लांबीची शेड आणि जहाज बांधायला उंच मनोरा आधीच तयार करून ठेवला होता.

यंत्र म्हणून पाहिलं तर आर-१०१ हा निव्वळ हट्ट होता. लांबी ७७७ फूट. चाळीसगाव-धुळे मार्गावर दहा डब्यांची गाडी उभी केली तर भरेल तेवढी. जाडी १३० फूट. धातूचा सांगाडा, त्यावर रोगण चढवलेलं कापड आणि आत हायड्रोजनच्या अजस्र पिशव्या. हा वायू झिरपू नये म्हणून पिशव्यांना गुरांच्या आतड्याचा पातळ पापुद्रा चिकटवलेला. एका जहाजासाठी दहा लाखांहून जास्त जनावरांची आतडी लागली. १८५७ च्या काडतुसांनंतर हिंदुस्थानात मिरवायला आणायची ही वस्तू! न पेटणारा हीलियम अमेरिकेच्या मुठीत होता, म्हणून भरायचा तो पेटणारा हायड्रोजन. उष्ण मुलखात पेट्रोल नको म्हणून डिझेल इंजिनं बसवली, तीही रेल्वेच्या इंजिनांवरून बेतलेली, जडशीळ. ती चालू करायला मात्र शेजारी छोटी पेट्रोल इंजिनं होतीच. पाचांपैकी एक इंजिन तर सुरुवातीला फक्त मागे सरकण्यासाठी होतं. मनोऱ्याला लागताना काही मिनिटं कामाला यायचं, उरलेली सारी वाट नुसतं वाहायचं.

वर बैठकीचा दिवाणखाना, पांढऱ्या-सोनेरी रंगाचे शोभेचे खांब, कुंड्यांतली झाडं. आणि ५५ लाख घनफूट हायड्रोजनच्या पोटाखाली चक्क धूम्रपानाची खोली, अ‍ॅस्बेस्टॉसनं मढवलेली.

वजन ९० टनांत बसवायचं ठरलं होतं, ते ११३ वर गेलं. ६० टन ओझं उचलायचं होतं, ते ३५ वर आलं. मग गॅसपिशव्यांना धरून ठेवणारी जाळी सैल केली, जेणेकरून पिशव्या जास्त फुगतील. इंजिनांची उलटसुलट फिरण्याची सोय बदलली. तरी भागेना, तेव्हा जहाज मधोमध कापून एक नवा भाग घुसवला. यातही एक गोम होती. हवा जितकी तापलेली तितकी विरळ, आणि हवा विरळ झाली की हायड्रोजनची उचल घटते. आपला खानदेशातला मे महिना बाजूला ठेवा. कराचीच्या ऑक्टोबरातसुद्धा हे जहाज इंग्लंडपेक्षा कमी ओझं उचलणार होतं.

३ जुलै १९३०

कार्डिंग्टनचा निरीक्षक फ्रेडरिक मॅकवेड यानं वरिष्ठांना पत्र लिहिलं. जाळी सैल केल्यापासून पिशव्या सांगाड्याच्या कडांवर आणि खिळ्यांवर घासताहेत, त्यांना भोकं पडताहेत. त्यावर उपाय म्हणून जागोजागी कापडाच्या गाद्या गुंडाळल्या जाताहेत. हा उपाय आपल्याला मान्य नाही, आणि अशा अवस्थेत उड्डाणाचा परवाना वाढवण्याची किंवा योग्यतेचा दाखला देण्याची शिफारस आपण करू शकत नाही. सरकारी नोकर याहून स्पष्ट लिहीत नाही.

हे पत्र नागरी हवाई खात्याचा प्रमुख सर सेफ्टन ब्रँकर याच्यापर्यंत पोचलंच नाही. ते एअरशिप विभागाचा संचालक कोलमोर याच्याकडे विचारणेसाठी गेलं. ज्याच्या कामाबद्दल तक्रार, त्यालाच खुलासा विचारला. गाद्या बांधल्या आहेत, काळजी नसावी, असं उत्तर आलं आणि फाइल मिटली.

त्याच जुलैत थॉमसननं लेखी कळवलं, की हिंदुस्थानच्या सफरीचं वेळापत्रक पाळलं गेलंच पाहिजे, कारण माझे बेत त्यावर ठरले आहेत. हे जहाज घराइतकं सुरक्षित आहे, असं वाक्यही त्याच्या नावावर सांगितलं जातं. दहा लाखांत एखादी वेळ येईल तेवढी सोडून.

बेत असा. १ ऑक्टोबरला लंडनमध्ये साम्राज्य परिषद भरणार होती. वसाहतींचे पंतप्रधान जमणार, आणि २० तारखेच्या आत थॉमसननं हिंदुस्थानला जाऊन परत त्यांच्यापुढे उभं राहायचं. वाटेत इजिप्तमध्ये इस्माइलियाला जहाजातच मेजवानी. स्पर्धाही होती. दोन एअरशिप बांधायच्या, एक खासगी कंपनीनं आणि एक सरकारनं, असं १९२४ पासून ठरलेलं. खासगी आर-१०० उन्हाळ्यात कॅनडाला जाऊन सुखरूप परत आली होती. सरकारी आर-१०१ अजून घराभोवतीच घिरट्या घालत होती.

बुधवार, १ ऑक्टोबर, दुपारी ४.३०

कापलेलं आणि लांबवलेलं जहाज पहिल्यांदाच हवेत गेलं. चाचणी २४ तासांची ठरलेली. सतरा तासांच्या आसपास परत आलं. एका इंजिनाचा तेल थंड करणारा भाग बिघडला आणि पूर्ण वेगाची चाचणी राहून गेली. हवा शांत होती, त्यामुळे वादळात जहाज कसं वागतं हेही कळायचं राहिलं. ते कळण्याची सोय पुढे थेट हिंदुस्थानच्या वाटेवर होणार होती. योग्यतेचा दाखला २ तारखेला तयार झाला. चाचणीचा सविस्तर तांत्रिक अहवाल मागाहून येईल, असं धरून चाललेलं.

निघायचं होतं शुक्रवारी. कर्मचारी दमले होते म्हणून थॉमसननं एक दिवस पुढे ढकलायला मान्यता दिली. एकच दिवस.

शनिवार, ४ ऑक्टोबर, दुपार

मनोऱ्याला जहाज डुलतंय. २५ टन डिझेल भरलंय. हवामान विभागाचा मॉरिस गिब्लेट नकाशे घेऊन बसलाय: कमी दाबाचा पट्टा जवळ सरकतोय, वारा वाढत जाणार, पाऊस आहे. तोही सोबत येणार होता. कप्तान फ्लाइट लेफ्टनंट कारमायकल आयर्विन. पण मेजर स्कॉटही जहाजावर होता, १९१९ मध्ये आर-३४ अटलांटिकपार नेणारा नामांकित माणूस, आणि सफरीचा वरचा अधिकारी तो. शिवाय खुद्द मंत्री. निघू नये असं म्हणायचा हक्क नेमका कोणाचा, हे कागदावर धड कुठेच नव्हतं.

संध्याकाळी मंत्रिमहोदय मोटारीनं आले. सोबत नोकर, ट्रंका आणि मेजवानीसाठीचा गालिचा. कर्मचाऱ्यांना मात्र सामान हलकं ठेवायची सक्त ताकीद होती. ब्रँकरही चढला, नेहमीप्रमाणे एका डोळ्यावर भिंग लावून. हा माणूस आपल्या मुलखाला अनोळखी नव्हता. जानेवारी १९११ मध्ये औरंगाबादजवळच्या लष्करी सरावात ब्रिस्टल कंपनीचं बॉक्सकाइट विमान उडालं होतं, त्यात फ्रेंच वैमानिकाबरोबर निरीक्षक म्हणून बसलेला अधिकारी हाच. काठ्या, तारा आणि कापड यांचं ते उघडं यंत्र. बसणाऱ्याचे पाय हवेत लोंबायचे. आता एकोणीस वर्षांनी तो गालिच्यावरून चालत होता. हिंदुस्थान सरकारच्या नागरी हवाई खात्याचा उपसंचालक ओनीलही सोबत होता.

एकूण माणसं ५४. जहाजाचा रचनाकार रिचमंड, त्याचा सहकारी रोप, कोलमोर, स्कॉट, थॉमसन: ज्यांनी जहाज काढलं, कापलं, पास केलं आणि घाईला लावलं, ते बहुतेक सगळे आत होते. पत्र लिहिणारा मॅकवेड नव्हता.

सायंकाळी ६.३६

हिंदुस्थानी प्रमाणवेळेनं मध्यरात्र उलटून सहा मिनिटं. धुळ्यात निजानीज झालेली.

मनोऱ्याची पकड सुटली. वर जाण्याऐवजी जहाजाचं नाक खाली कललं. पावसानं कापड भिजून जड झालेलं. चार टन पाणी सोडून दिलं तेव्हा कुठे ते सावकाश वर चढलं. एअरशिपला हे तोलाचं पाणी म्हणजे जीव; उंची राखायची वेळ आली की तेच ओतून टाकायचं असतं. ते निघतानाच खर्ची पडलं. खाली हजारो लोक आणि मोटारींचे लावलेले दिवे. बेडफर्डवर एक फेरी मारून जहाज दक्षिणेला वळलं.

थोड्याच वेळात शेपटाकडच्या इंजिनाच्या तेलाचा दाब उतरला. ते बंद करावं लागलं, आणि दुरुस्त होईपर्यंत रात्रीचे अकरा वाजत आले. चार इंजिनांवर प्रवास चालू राहिला.

रात्री ८.२१

लंडनवरून बिनतारी संदेश: सर्व ठीक. मध्यम पाऊस. ढग दीड हजार फुटांवर. पुढचा मार्ग पॅरिस, तूर, तुलूझ, नार्बोन.

याच सुमाराला कार्डिंग्टनहून नवा अंदाज आला, की उत्तर फ्रान्सवर वारा ताशी ४० ते ५० मैलांपर्यंत चढेल. आधीच्या अंदाजापेक्षा हा बराच वाईट होता. इतक्या वाऱ्यात हे जहाज आजवर कधी उडालं नव्हतं. मागे फिरायला हीच जागा होती. मागचा वारा धरून तासा-दोन तासांत घरचा मनोरा गाठता आला असता. फिरायची चर्चा झाली की नाही, कळायला मार्ग नाही; त्या कक्षातलं कुणी वाचलं नाही. मला वाटतं, चर्चा झाली असती तरी फरक पडला नसता. मंत्र्याला घेऊन, गर्दीसमोर निघून, पहिल्याच रात्री परत येणं हे आयर्विनला अपघातापेक्षा सोपं वाटायला हवं होतं. वाटलं नसावं.

९.३५

हेस्टिंग्जजवळ किनारा ओलांडला. संदेशात म्हटलं होतं की पाऊस जोरात आहे, नैऋत्येचा वारा जोरकस आहे, जहाज चांगलं वागतंय, आणि गमावलेलं पाणी परत मिळवायला सुरुवात केलीये. जहाजाच्या पाठीवर पावसाचं पाणी धरायला पन्हळी होत्या, त्यांतून ते टाक्यांत उतरायचं. कल्पना नामी. पण टाक्यांत शिरणाऱ्या पाण्यापेक्षा कापडात मुरणारं पाणी कोण मोजणार?

त्या कापडाचीही एक कथा. मूळचं रोगण चढवलेलं कापड जागेवरच कुजत गेलं होतं. उन्हाळ्यात मनोऱ्याला बांधलेल्या जहाजाचं कापड एकदा १४० फूट फाटलं होतं. मग बहुतेक कापड बदललं, पण पुढच्या बाजूचं काही जुनंच डागडुजी करून ठेवलं. वारा तोंडावर घेणारी बाजू तीच.

११.३६

फ्रान्सचा किनारा, सोम नदीच्या मुखाजवळ. इंग्लिश खाडी ओलांडायला दोन तास लागले. समोरून वारा इतका, की जमिनीच्या हिशेबानं जहाज ताशी जेमतेम साठ किलोमीटरच्या वेगानं सरकत होतं आणि मार्गावरून पूर्वेकडे ढकललं जात होतं.

मध्यरात्रीनंतर १८ मिनिटं

आर-१०१ चा सर्वांत प्रसिद्ध संदेश. आधी ठिकाण, वारा, उंची १,५०० फूट, अधूनमधून पाऊस, ढग ५०० फुटांवर. मग मजकूर असा, की उत्तम जेवणानंतर आमच्या मान्यवर पाहुण्यांनी शेवटचा सिगार ओढला, फ्रान्सचा किनारा पाहिला आणि निरोपाच्या दगदगीनंतर आता विश्रांतीला गेले आहेत. सर्व महत्त्वाच्या यंत्रणा नीट चालू आहेत. कर्मचारी नेहमीच्या पाळ्यांना लागले आहेत.

यातला १,५०० हा आकडा जरा थांबून पाहावा. जहाजाची लांबी ७७७ फूट. म्हणजे ते आपल्या लांबीच्या दुप्पटही उंचीवर नव्हतं. त्यातही ती उंची समुद्रसपाटीपासून धरलेली. पुढे बोव्हे गावाजवळ जमिनीची एक धार पावणेआठशे फुटांच्या आसपास चढते, आणि त्या धारेवर वारा उलटापालटा होतो. सरळ चाललेल्या जहाजाखाली तिथे उरणार होते जेमतेम सात-आठशे फूट. इतकी लांब वस्तू एकदा नाकावर कलली, तर सावरायला तेवढी जागा पुरत नाही. धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकांच्या तोंडी उंची म्हणजे वेळ हे समीकरण सहज येत असेल. इथे ते आकड्यात मांडलेलं होतं, सिगारच्या ओळीच्या वर.

१.००

धूम्रपानाच्या खोलीत फोरमन इंजिनिअर हॅरी लीच आणि मुख्य इंजिनिअर जेंट बसले होते. आयर्विन डोकावला, दोन शब्द बोलला. दुरुस्त झालेलं इंजिन आता बरं चालतंय, हा विषय. मग तो गेला. जेंटही झोपायला गेला. लीच इंजिनांवर एक नजर टाकून परत येऊन बसला.

खाली प्वा परिसरातल्या लोकांना जहाज फारच खालून जाताना दिसलं.

१.५२

पॅरिसजवळच्या ल बूर्जे विमानतळानं जहाजाला ठिकाण कळवलं: बोव्हेच्या उत्तरेला एक किलोमीटर. जहाजानं पोच दिली. त्यानंतर संदेश नाही.

२.००

पाळी बदलली. उंची सांभाळणाऱ्या सुकाणूवर नवा माणूस आला, त्याच्या हाताला जहाजाचा तोल अजून बसायचा होता. शेपटाकडच्या इंजिनावर आर्थर बेलची पाळी संपली होती, पण त्याची जागा घेणारा जो बिंक्स उशिरा उठला. शिडीनं तो खाली इंजिनाच्या डब्यात आला तेव्हा बेलनं त्याला चार शब्द ऐकवले, आणि दोघं तिथेच बोलत राहिले. या उशिरामुळे बेल वाचला.

२.०५ ते २.०९

धुळ्यात सकाळचे साडेसात वाजून गेलेले, रविवार.

जहाज एकाएकी नाकावर झुकलं. लीचसमोरच्या टेबलावरचे ग्लास आणि सोड्याची बाटली घसरून खाली आले. काही सेकंदांनी जहाज जवळजवळ सरळ झालं. लीचनं बाटली उचलून ठेवली. नाकाकडच्या पिशव्यांतला वायू बहुधा तोवर निसटत होता: पुढचं कापड फाटलेलं, आत शिरलेला वारा पिशव्यांना झोडपतोय, आणि पिशव्या त्याच घासलेल्या, भोकं पडलेल्या. इंजिनं सावकाश करायचा इशारा वाजला. वेग कमी केला की नाक आणखी जड होतं, कारण वेगानंच ते वर धरलेलं असतं. पण जमीन इतकी जवळ आली होती, की आदळणं हळू व्हावं एवढंच हाती होतं. पुढचं पाणी सोडायला एकाला नाकाकडे पळवलं. प्रमुख सुकाणूवाला हंट झोपायच्या जागेतून ओरडत गेला, की आपण खाली आलोय, पोरांनो.

दुसऱ्यांदा नाक झुकलं, ते वर आलं नाही.

अलोन गावाच्या हद्दीत, रानाच्या कडेला, ससे धरायला फास लावत हिंडणाऱ्या एका माणसानं ते येताना पाहिलं. आदळलं तेव्हा वेग ताशी फक्त तेरा-चौदा मैल होता. सायकलवाल्याचा वेग. एवढ्या धक्क्यानं माणसं मरत नाहीत. जहाज जरासं उचललं गेलं, पुन्हा टेकलं, आणि पेटलं. कशानं, यावर आजही एकमत नाही.

बेल आणि बिंक्स यांच्या डब्यावर पाण्याची टाकी फुटली आणि त्या पाण्यानं आग विझवून वाट करून दिली. लीचच्या खोलीवर वरचा मजला कोसळला, पण तो कोचांच्या पाठींवर अडकला. त्यानं अ‍ॅस्बेस्टॉसची भिंत हातांनी फोडली आणि बाहेर आला. मग बिनतारीवाला आर्थर डिस्ली अडकलाय हे कळल्यावर तो परत आत गेला. त्याबद्दल त्याला पुढे अल्बर्ट पदक मिळालं. भाजलेल्या हातांनी डिस्लीनं लंडनला फोन लावून खबर दिली.

आठजण बाहेर पडले, त्यांतले दोघं दवाखान्यात दगावले. ४८ मेले. थॉमसन, ब्रँकर, ओनील, कोलमोर, स्कॉट, रिचमंड, आयर्विन, गिब्लेट, सगळे.

नंतर

लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये शवपेट्या ठेवल्या, लोकांनी रांगा लावल्या, आणि कार्डिंग्टनला सर्वांना एकाच थडग्यात पुरलं. त्या महिन्यात गांधीजी येरवड्यात होते, खानदेशासह इलाखाभर कायदेभंग चालू होता, आणि गोलमेज परिषद जेमतेम महिन्यावर आली होती. साम्राज्याची एकजूट आकाशातून दाखवायला निघालेल्या जहाजाची खबर इथे कशी वाचली गेली असेल, याचा अंदाज वाचकानंच करावा.

चौकशी नेमली गेली ती सर जॉन सायमन यांच्या अध्यक्षतेखाली. होय, तेच. दोन वर्षांपूर्वी मुंबई बंदरात काळ्या निशाणांनी ज्यांचं स्वागत झालं होतं ते. इथे मात्र सायमनसाहेबांनी चोख काम केलं. १९३१ मधल्या अहवालात त्यांनी वायू निसटल्यानं अपघात झाला असं म्हटलं, आणि पुढे नोंदवलं, की सार्वजनिक धोरणाच्या बाबी आड आल्या नसत्या तर आर-१०१ त्या संध्याकाळी हिंदुस्थानला निघालंच नसतं. दोष कुणा एकावर ठेवला नाही. ज्यांच्यावर ठेवता आला असता ते त्या थडग्यात होते.

कॅनडाला जाऊन आलेली, धडधाकट आर-१०० ही सरकारनं पुन्हा उडू दिली नाही. ती फोडली, सांगाडा चेपला आणि भंगारात विकला. कराचीची शेड तीस वर्षं उभी होती. काला छपरा म्हणून लोक तिला ओळखत. एकही एअरशिप तिच्यात शिरली नाही, आणि साठच्या दशकात तीही उतरवली.